बिनसाबणाच्या बांगड्या

मागच्या जन्मी मी माकूल असणार. आमच्या मुरबे गावच्या दर्यात त्याच्याएवढी बिनहाडाची मासळी दुसरी नाही. माझा अंगठा उलटा मनगटाला टेकायचा, पाय मानेमागे जायचा; लग्नात वाजंत्री दमले की बायका मला पुढं ढकलायच्या.

आमच्यात लग्नाआधी घरच्या साऱ्या बायका बांगड्या भरतात. बाकीच्यांच्या हातांना साबण चोळून कासारीण घामाघूम व्हायची. माझ्या हातात मात्र पाळण्यातल्या पोरीच्या बांगड्याही सरसर चढायच्या. "लोण्याचा हात गो! नशीबवान हाय पोर!" ती ओरडायची. तो हात बघूनच सासूनं मला पसंत केलं. तोंड कसं चालतं ते तिला नंतर कळलं.

लेक झाली ती शिंकेसरशी. सुईण हात धुऊन येईतो पोर रडत होती. "बाळंत व्हावं तर असं!" सारे म्हणाले. पुढं अंग बाहेर यायला लागलं, ते मी कुणाला सांगितलं नाही. लुगडं घट्ट आवळलं, डोक्यावर पाटी घेतली नि बोईसरचा बाजार गाठला. तिथं खांदा उतरायचा. एका हातानं तो जागेवर बसवायचा, दुसऱ्यानं सुरमई कापायची, गिऱ्हाइकाला पत्ता नाही! सांगते मी असंच. खरं तर डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. पाळी गेल्यावर तर गुडघे, घोटे, कंबर, सगळंच जुन्या होडीच्या फळ्यांसारखं सुटं झालं.

मग एकदा लेकीचा खांदा तिच्या पोरीची वेणी घालताना उतरला. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि माझ्याकडे वळल्या. "आजी, तुमचा हात बघू." मी ऐटीत अंगठा मनगटाला टेकवला. कुणी हसलं नाही.

सांधे, कातडी, गर्भाशय, सगळं धरून ठेवणारे धागेच जन्मापासून सैल, असं त्या म्हणाल्या. आईकडून लेकीकडे जातं.

"आणि नात?" मी विचारलं.

"मोठी होईल तसं कळेल."

परवा भाचीच्या लग्नाच्या बांगड्या भरत होतो. नात माझ्या मांडीवर. मी मुद्दाम सगळ्यांत लहान बांगडी उचलून दिली.

"ही नाय चढायची हिला," कासारीण म्हणाली.

तुझ्या तोंडात साखर पडो, मी मनात म्हटलं.

बांगडी पाण्यासारखी सरकली. "आजीचाच हात गो! लोण्याचा!" बायकांनी टाळ्या पिटल्या. लेकीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. नातीनं मात्र हात उंच धरला, अंगठा हळूच मनगटाला टेकवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आजी, बघ ना. मला पण येतं."

एवढ्या थापा मारल्या जन्मभर, आणखी एक मारायची होती. पोर वाट बघत होती. मग मीही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.