गोष्टीतली बाई दारात आली तेव्हा

दिवाळी अंकात माझी एक कथा आली होती. नवऱ्यापुढे तोंड न उघडणारी बाई एक दिवस एसटीत बसते, अनोळखी गावात उतरते आणि स्वतःची खानावळ काढते. मी मुळात भित्री. पुण्याला जायचं म्हटलं तरी आदल्या रात्री डोळा लागत नाही. म्हणूनच माझ्या कथांतली माणसं दबलेली असतात आणि शेवटी धीट होतात.

महिन्याभराने दुपारी भोरच्या माझ्या घराची कडी वाजली. दारात हातात पिशवी घेतलेली, तिशीतली बाई.

"ती गोष्ट तुमीच लिवली ना? म्या वेल्ह्याकडची. घर सोडून आले. आता म्होरं काय करू?"

कागदावरच्या बाईला मी एका ओळीत गावाबाहेर काढलं होतं. पुढचं मला काय ठाऊक! मी पाणी दिलं, चहा टाकला. तिच्या मनगटावर काळानिळा वळ होता. परत जा म्हणायला जीभ उचलेना.

"तुमच्या त्या बाईला भ्या न्हाई वाटलं?"

"तिला नाही वाटलं. लिहिताना मला वाटत होतं."

ती अंक घरीच विसरली होती. त्यात कथेखाली माझा पत्ता छापलेला. संध्याकाळी नवरा आलाच. "बाहेर काढा तिला!" म्हणून दारावर लाथा घालू लागला. ती मोरीत जाऊन बसली. मला दार लावून घ्यायचं होतं, पण कडीच नीट बसेना. शेवटी उंबऱ्यात उभी राहिले.

"ती येणार नाही," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला, की त्याने "काय?" म्हणून विचारलं. मग मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. शेजारची माणसं बाहेर आली, तसा तो शिव्या देत गेला.

सकाळी पोलिसांत तक्रार देऊन आम्ही एसटी धरली. कामथडीला हायवेलगत माझ्या मावसबहिणीची खानावळ आहे. वाटभर आम्ही दोघी मागे वळून बघत होतो.

आता तिथलं स्वयंपाकघर तीच सांभाळते. परवा जेवायला गेले तेव्हा विचारलं, "भीती गेली का गं?"

"न्हाई वो ताई. पन भाकऱ्या लई असत्यात, कामात इसरते."

मी मात्र विसरत नाही. रस्त्यात कुणी "तुमची कथा वाचली" म्हणालं, की आधी त्याच्या हातात पिशवी आहे का बघते.