एका बहिणीसाठी प्रार्थना करा

हे लिहिण्याआधी मी तिची परवानगी घेतली आहे. "लिहा ना मावशी," ती म्हणाली, "फक्त नाव घालू नका, आणि आमच्या आईंना बावळट दाखवू नका." दोन्ही अटी मी मान्य केल्या. दुसरी तर फारच सोपी, कारण या गोष्टीत बावळट कोणी असेल तर ती मी, तुमची आजी.

ती म्हणजे माझी धर्मकन्या. तिच्या बाप्तिस्म्याला तिला हातात घेऊन मी उभी होते. तुम्ही नाताळात आलात तेव्हा तिनेच तुम्हांला करंज्या भरायला शिकवलं होतं. तिच्या लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नाही. नवरा-बायको दोघं नोकरी करतात आणि सासूबाई त्यांच्याजवळच राहतात. त्या मूळच्या चांदवडकडच्या. कांद्याच्या शेतात राबलेल्या, शाळा चौथीपर्यंत, आवाज खणखणीत. आमच्या महिला मंडळाच्या प्रार्थनासभेत त्या दर महिन्याला उभ्या राहायच्या आणि सुनेची कूस उजवू दे म्हणून सर्वांना प्रार्थना करायला सांगायच्या. सून शेजारी मान खाली घालून बसलेली असायची.

माझी प्रार्थनेची वही तुम्हांला ठाऊक आहे. तीन रकाने: विषय, कोणी सांगितला, उत्तर. तुमच्या परीक्षा, तुमचे व्हिसा, सायकलवरून पडून मोडलेला हात, सगळं तिच्यात आहे. या वर्षी मार्च आणि एप्रिलच्या पानांवर सासूबाईंचा विषय नव्हता. त्यांनी मागणं थांबवलं होतं. बिचारीने आशा सोडली, असं मी समजले.

मे महिन्यात एका रविवारी उपासना संपल्यावर धर्मकन्या माझ्याबरोबर घरी आली. चहा घेतला नाही. पर्समधून एक फॉर्म काढून तिने टेबलावर ठेवला. ती टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेत होती. इंजेक्शनं चालू होती आणि गुरुवारी तिची स्त्रीबीजं काढणार होते. फॉर्मवर त्याआधी सही हवी होती. प्रयोगशाळेत तयार झालेल्या भ्रूणांपैकी काही उरले तर त्यांचं काय करायचं? गोठवून ठेवायचे, संशोधनाला द्यायचे, की नष्ट करायचे? समोर तीन चौकोन होते.

"मावशी, मी कुठे खूण करू?"

दोन वर्षांपूर्वी चर्चच्या शास्त्राभ्यासाच्या, म्हणजे बायबलच्या, वर्गात याच विषयावर मी बोलले होते. चार मुद्दे, प्रत्येकाखाली दोन उपमुद्दे, फळ्यावर, शाळेत लिहायचे तशाच स्वच्छ अक्षरात. भ्रूण हा जीव आहे आणि जीव चौकोनात बसवता येत नाही, असं मी ठासून सांगितलं होतं. तिच्या सासूबाईंनी तेव्हा मोठ्याने दुजोरा दिला होता: "देवानं दिलं तर घेऊ. बाटलीतलं पोर नको." आणि मी मान डोलावली होती. ती त्या दिवशी मागच्या बाकावर बसली होती. तरीही ती माझ्याकडेच आली होती, आणि माझ्याजवळ तिला द्यायला एकही मुद्दा नव्हता. मी नुसता तिचा हात धरून बसले.

जाताना ती म्हणाली, "आईंना कळू देऊ नका. त्या काय बोलल्या होत्या ते तुम्हांला माहीत आहे. झालं तर सांगीन, नाही झालं तर कळायलाच नको. तुम्ही फक्त प्रार्थना करा."

मी प्रार्थना केली. सोमवारी केली, मंगळवारी सकाळी केली. पण ओझं एकटीला पेलवेना. दुपारी मी मोबाइल उघडला आणि महिला मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: "प्रिय भगिनींनो, एका बहिणीसाठी प्रार्थना करा. लग्नाला आठ वर्षं झाली आहेत. उपचार चालू आहेत. गुरुवार महत्त्वाचा आहे. बाळासाठी आणि योग्य निर्णयासाठी विनंती करा."

नाव घातलं नव्हतं. आमच्यात पूर्वीपासून ही रीत आहे. 'एक बहीण', 'एक कुटुंब', 'एक तरुण' असं म्हटलं की गुपित राखलं, असं आम्ही धरून चालतो. प्रार्थनेच्या नावाखाली इतकी वर्षं आम्ही किती घरांची दारं उघडी टाकली असतील, ते मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

"आमेन."

"आमेन."

"आमेन. पण कोण हो?"

"आठ वर्षं म्हणजे ती बँकेतली का?"

"नाही गं, तिला दोन मुलं आहेत."

"बाईंनी लिहिलंय म्हणजे त्यांची धर्मकन्याच असणार. देव करो आणि गोड बातमी येवो."

या सगळ्याला अर्धा तासही लागला नाही. पुसून उपयोग नव्हता, सगळ्यांनी वाचलं होतं. तेवढ्यात तिचा फोन आला.

"मावशी, ते तुम्ही लिहिलंत?"

"अगं, नाव नव्हतं घातलं."

"आई आहेत त्या ग्रुपवर," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला, तिने उचलला नाही.

तुम्हांला वाटेल, एवढं काय. पण विचार करा. दोन दिवसांनी तिला ऑपरेशनच्या टेबलावर झोपायचं होतं, आणि घरात जिच्यापासून लपवायचं तिलाच मी सांगून बसले होते. तिने माझ्याशी पुन्हा कधी मन मोकळं केलं नसतं तरी मला बोलायला जागा नव्हती.

बुधवारी सकाळी ती कामावर गेल्यावर मी रिक्षा केली. सासूबाईंपुढे मीच कबूल करायचं ठरवलं होतं. रिक्षात तीन वाक्यं मनात जुळवली. दोष माझा, मुलीला बोलू नका, माझं तेव्हाचं वर्गातलं बोलणं अपुरं होतं.

दार त्यांनीच उघडलं. हातात मेथीची जुडी होती.

"या बाई. मला वाटलंच तुम्ही येताल."

"ताई, काल मी ग्रुपवर जे लिहिलं..."

"वाचलं ना. आठ नाय, साडेआठ वर्सं झाली." त्या मेथी निवडायला बसल्या. "बसा. अन् घाम पुसा आधी."

मी माझी तीन वाक्यं म्हणून टाकली. त्यांनी ऐकून घेतलं, मग उठून फ्रीज उघडला. दह्याच्या भांड्यामागून एक निळा डबा काढला.

"हा बघा. मार्चपासून हितं हाय. वर लिवलंय 'ऑफिस'. ऑफिसातलं काय फ्रीजात ठेवतात का? उघडून पाहिलं, सुया. मेडिकलवाल्याकडं एक रिकामी बाटली नेऊन इचारलं. त्यानं सांगितलं कशाची ते."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"तिनं लपवलं म्हणजे तिला बोलायचं नसंल. आपण कशाला खणायचं?" त्यांनी डबा जपून परत ठेवला. "एप्रिलात लाइट किती जायची बघा. तीन-तीन तास. मी डबा घेऊन खाली डेअरीवाल्याकडं जायचे, त्याच्याकडं जनरेटर हाय. त्याला म्हणले, माझं शुगरचं इंजेक्शन हाय." त्या पुन्हा मेथीकडे वळल्या. "खोटं बोलले ना बाई मी? मला शुगर नाय."

खोटं बोलू नये हे मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. मी एक शब्द खोटा न लिहिता मुलीला उघडं पाडलं होतं आणि या बाईने डेअरीवाल्याशी खोटं बोलून तिला झाकलं होतं.

"पण ताई, तुम्हीच तर म्हणाला होतात, बाटलीतलं पोर नको."

"म्हणले होते. तवा ते कुणाचं तरी होतं. आता माझ्या फ्रीजात हाय." मग हसून म्हणाल्या, "अन् तुम्ही पण लय मान हालवली होती."

"मग सभेत मागणं का थांबवलंत?"

"डबा दिसल्यावर कळलं, मी उभी राहून मागते तवा तिला कसं वाटत असंल. आता घरात मागते. दार लावून."

मी हसले की रडले, मला नीट सांगता येणार नाही. खांद्यावरून काहीतरी उतरलं एवढं खरं. आम्ही दोघींनी ती मेथी निवडून संपवली.

दुपारी ती अर्धी सुट्टी घेऊन घरी आली. मला पाहून दारातच थबकली. सासूबाई म्हणाल्या, "चप्पल काढ अन् जेव. उद्या उपाशी जायचंय ना? अन् तो डबा दह्यामागं ठेवत जा, दारात गार राहत नाय."

ती आधी फ्रीजकडे पाहत राहिली आणि मग सासूबाईंकडे. मग तिथेच खाली बसून रडली. त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि मला खुणेने पोळ्यांकडे बघायला सांगत होत्या.

जेवणानंतर फॉर्म टेबलावर आला. मी तो वाचून दाखवला. सासूबाईंनी विचारलं, "उरतात कशाला? जेवढं पोटात घेशील तेवढंच करा म्हणावं डॉक्टरला. चालतं का इचार." माझ्या चार मुद्द्यांत हा प्रश्न नव्हता. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, चालतं, पण यशाची शक्यता कमी होते. तिने आणि नवऱ्याने विचार करून तेच निवडलं. दुसऱ्या कोणी वेगळं निवडलं तर त्यांना फळ्यावर मुद्दे काढून दाखवायला मी आता जाणार नाही.

त्या वेळी मूल राहिलं नाही. तेही मी तिच्या परवानगीने लिहिते आहे. फोन सासूबाईंनी केला: "नाय राहिलं, बाई. ती झोपलीय. मी हाय हितं." ते शेवटचं वाक्य ऐकून मला हायसं वाटलं. दुःख होतं, पण ते आता तिला फ्रीजमध्ये लपवावं लागत नव्हतं.

ग्रुपवर मी सगळ्यांची क्षमा मागितली. आता मंडळात असं ठरलंय की ज्याचा विषय त्यानेच सांगायचा, नाहीतर घरी प्रार्थना करायची. ग्रुप बराच शांत झाला आहे.

गेल्या रविवारी उपासनेनंतर ती माझ्या बाकावर सरकून बसली आणि कानात काहीतरी म्हणाली. घरी येऊन मी वहीत तारीख लिहिली आणि तिन्ही रकाने कोरे सोडले. काय म्हणाली ते तुम्हांलाही सांगणार नाही. चर्चच्या फाटकाशी सासूबाई भेटल्या, त्यांनी आमच्या दोघींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काय बाई, टाकलं का ग्रुपवर?"