गळ्याची सोनोग्राफी आणि दोन तांबे पाणी

सोनोग्राफी म्हटली की पोटभर पाणी पिऊन जायचं आणि ते अडवून धरायचं, हा आमच्या अमडापूरच्या घरातला पक्का नियम. दोन्ही नणंदांची आणि माझी बाळंतपणं त्याच नियमावर पार पडली. त्यामुळे माझ्या थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी आधी सोनोग्राफीला बोलावलं, तेव्हा सासूबाईंनी निघताना मला दोन तांबे पाणी पाजलं. चिखलीपर्यंत जीप, पुढे बुलढाण्याची एसटी. त्या रस्त्यावरचा एकेक खड्डा मला अजून पाठ आहे.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "काकू, घाबरू नका."

"घाबरले नाही, पाणी अडवून बसलेय."

त्या खुर्चीत मागे रेलून हसल्या. "सोनोग्राफी गळ्याची आहे हो. आधी जाऊन या."

मला माझाच राग आला. जन्मभर शाळेत शिकवलं, पण गळा आणि मूत्राशय यांच्यातलं अंतर काही ध्यानात आलं नाही.

परत आल्यावर त्यांनी गळ्याला गार जेल लावलं, वर यंत्र टेकवलं आणि 'ई' म्हणायला लावलं. पडद्यावर दोन बारीक रेघा जवळ आल्या, श्वास घेतला की दूर झाल्या, देव्हाऱ्याच्या दाराच्या दोन फळ्यांसारख्या. ते माझे स्वरतंतू. त्यांना हलवणारी नस थायरॉइडच्या मागूनच जाते, म्हणून ते ऑपरेशनच्या आधी बघून ठेवायचे आणि नंतर पुन्हा बघायचे, असं बाईंनी समजावलं.

"माह्या गळ्याचं बी पाहा ना, मॅडम," शेजारी उभे असलेले आमचे हे म्हणाले.

"पुरुषांच्या गळ्यातलं मऊ हाड, कूर्चा, वयाबरोबर कडक होतं, यात नीट दिसत नाही. मग नाकातून दुर्बीण घालावी लागते." हे दोन पावलं मागे सरकले.

हसले मी, पण त्या नसेला धक्का लागून आवाज गेला तर, हा विचार जाईना. सासूबाईंना ऐकू येत नाही. कानातलं मशीन गुणगुणतं म्हणून त्यांनी ते डब्यात टाकून दिलंय. त्यांना ना मुलाचं ऐकू येतं, ना नातवांचं. फक्त माझा आवाज पोचतो. नवी नवरी होते तेव्हा याच आवाजापायी मी रोज त्यांची बोलणी खायची, "हळू बोल वं, गाव ऐकून राह्यलं." आता तोच गेला तर त्या भरल्या घरात एकट्या पडणार होत्या.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज नुसता फुसफुसत होता. सोनोग्राफीत डावा तंतू जागचा हलेना. नस तुटलेली नाही, दुखावली आहे, बहुतेक सुधारेल, असं बाई म्हणाल्या. त्यातलं ते 'बहुतेक' मला अजिबात आवडलं नाही.

घरी सासूबाई माझ्या ओठांकडे बघत बसायच्या. एक दिवस म्हणाल्या, "मोठ्यानं बोल ना वं." इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच. मी न्हाणीत जाऊन रडून घेतलं.

तीन महिने गळ्याचे व्यायाम केले आणि पुन्हा सोनोग्राफीला निघाले. सासूबाई तांब्या घेऊन दारात हजर. गळ्याच्या सोनोग्राफीला पाणी लागत नाही हे त्यांना सांगणार तरी कुठल्या आवाजात? प्यायले मुकाट्यानं.

पडद्यावर डावी रेघ आधी आळसावल्यासारखी हलली, मग सरळ उजवीला जाऊन भेटली. मी पुन्हा पुन्हा 'ई' म्हणून खात्री करून घेतली.

"पुरे, काकू," बाई म्हणाल्या. "जाऊन या आता."

घरी आले तर सासूबाई मागच्या अंगणात पाठमोऱ्या बसून डाळ निवडत होत्या. मी दारातूनच हाक मारली, "आत्याबाई, चहा टाकू का?" आवाज घोगरा होता, पण पुरा होता.

त्यांचे हात थांबले. पदर डोळ्यांकडे गेला. मागे वळून न बघताच म्हणाल्या, "टाक. पण काऊन ओरडून राह्यली वं? गाव ऐकून राह्यलं."