रविवारचं सँडविच

रविवारी संध्याकाळी मी गॅस पेटवत नाही. हा कायदा मीच केलेला आहे, त्यामुळे तो मोडायची कुणाची हिंमत होत नाही. त्या दिवशी आमचे हे स्कूटर काढतात आणि चौकातल्या सँडविचवाल्या बाईंकडून पार्सल आणतात. अमरावतीत हल्ली नवी नवी दुकानं निघाली, पण आमचं मन त्या एकाच टपरीवर बसलंय. हिरवी चटणी हात राखून लावणं त्या बाईंना ठाऊकच नाही. बटाटा, काकडी, टमाटर, कांदा आणि वरून मूठभर शेव. पार्सलचा कागद मात्र कोपऱ्यात फाडून ठेवावा लागतो, नाहीतर वाफेनं पाव ओला होतो. हे तसाच उघडा पुडा हँडलला अडकवून येतात आणि मागून गल्लीतल्या कुत्र्यांची वरात. मला हे सगळं मनापासून आवडतं.

मागच्या हिवाळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आई आमच्याकडे आली. तिचं गाव तिवस्याजवळ. बाबा गेल्यापासून ती तिथे एकटीच असते, वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला दिलेलं. मी एकुलती एक. तिनं आता कायमचं इथे राहावं, एवढंच मला हवं होतं. ती मात्र आल्या दिवसापासून सांगत होती, "डोळ्याचे थेंब सरले का मी जाईन."

जेवायला बसली की अर्धी पोळी खायची आणि हात धुवायची. गावी ठेच्यासोबत दोन भाकरी सहज संपवणारी बाई ही. शेवटी माझं डोकं सटकलं.

"काहून वं आई, माझ्या हातचं गोड नाई लागत का तुले?"

"लागते वं. पण लेकीच्या घरी पोट भरून जेवू नाई. जवायाचं किती खावं मानसानं?"

मी खूप भांडले. काही उपयोग झाला नाही. तुमच्या घरी पाणी बरं येते, तुमच्या घरी झोप नाई लागत. सगळं आपलं तुमच्या घरी. माझी सख्खी आई माझ्याकडे पाहुणी होती, आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं.

पहिल्या रविवारी तिनं सँडविचचा वरचा पाव उचलला, आतलं सगळं सकाळच्या भाकरीवर काढून घेतलं आणि पाव परत केला. "पाव बिमार मानसानं खावा," म्हणाली. पुढच्या रविवारी मी मुद्दाम भाकर उरू दिली नाही. मग नाइलाजानं एक घास, दुसरा घास आणि बघता बघता अख्खं सँडविच. यांनी हळूच विचारलं, "आई, अजून अर्धं देऊ?"

"द्या," आई म्हणाली. "हे काई तुमच्या चुलीवरचं नाई, जवाईबापू. बाजारचं हाय. हे चालते."

बाजारातून ते आणलं कुणी, हा प्रश्न काढण्याचा मूर्खपणा आम्ही दोघांनीही केला नाही.

नंतर तिची फर्माइश सुरू झाली. सोबत मीठ लावलेली तळलेली मिरची पाहिजे, शेव जास्त पाहिजे. शनिवारपासूनच विचारायची, "उद्या रविवार ना वं?" आणि रविवारच्या त्या पोटभर खाण्यानं काय झालं कुणास ठाऊक, इतर दिवशीही अर्ध्या पोळीची दीड झाली. मी मोजल्यासारखं दाखवत नव्हते.

थेंब सरले. कपड्यांची पिशवी भरून दाराशी आली. आता भांडायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्या रविवारी आम्ही खात असतानाच गावाहून माझ्या चुलतभावाचा फोन आला. आईला नीट ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर ठेवला.

"काकू, पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो तुले न्यायले. तयार राहाजो."

"रविवारी नको येऊ बापू," आई म्हणाली. "रविवारी आमच्या घरी सँडविच असते."

तो लगेच म्हणाला, "मंग सोमवारी येऊ?"

आईनं मिरची मोडून तोंडात टाकली. "सोमवारी कायले? तू फोन करत जा, तेवढं पुरे."

मी मान खाली घालून खात राहिले. चटणी तिखट होती, म्हणून डोळ्यांतल्या पाण्याचं कुणी काही विचारलं नाही. हात धुऊन आले आणि दाराशी ठेवलेली पिशवी उचलून आतल्या खोलीत नेली. आईनं पाहिलं. मग ताटातली उरलेली शेव वेचून खाऊ लागली.