वसंताला ठाऊक असलेला खुनी

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळमन्याच्या बाजारात संत्री निवडत होतो. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं, गेला लेकाचा, आणि खुनी कोण ते न सांगताच गेला!...

महिना झाला आता. वसंता नागपुरातल्या एका जुन्या टॉकीजचा ऑपरेटर आणि मी त्याचा सायकलवाला. तेव्हा एकाच प्रिंटवर दोन टॉकीज चालायच्या. आमच्याकडे दाखवून झालेलं रीळ वसंता गुंडाळून द्यायचा आणि ते कॅरिअरला बांधून मी दुसऱ्या टॉकीजकडे असा सुटायचो, की चौकातल्या म्हशी आपसूक रांगेत उभ्या राहायच्या. एका काळ्यापांढऱ्या रहस्यपटानं मात्र माझा घात केला. शेवटच्या रिळात इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करायचा आणि नेमका तेव्हाच मी मागचं रीळ पोचवायला रस्त्यावर! परत येईस्तोवर लोक बाहेर. वसंताला मात्र त्याचं संगीत तोंडपाठ. खुनाआधी क्लॅरिनेट वाजायचं. "आता व्हायोलिन रडन, मंग बाई ओरडन," तो म्हणायचा, आणि बाई त्याचा हुकूम ऐकल्यासारखी ओरडायची.

"सांग ना गा, कोन होता?"

"क्लॅरिनेट आइक. त्यातच हाय सारं."

मग मीही हट्टाला पेटलो. ऐकीन तर याच्याच तोंडून! पानठेल्यावर कुणी त्या सिनेमाचं नाव काढलं की मी कानात बोटं घालायचो. टीव्हीवर लागला की घर सोडून थेट शहराबाहेर कोराडीपर्यंत चालत जायचो. दवाखान्यात शेवटचा भेटलो, तेव्हाही त्याच्या नाकात नळी आणि माझ्या तोंडी तोच प्रश्न. "सांगीन," तो म्हणाला. "घाई काहून करून राहिला?"... दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

परवा त्याच्या घरी गेलो आणि सुमनवहिनींपुढे हे गाऱ्हाणं मांडलं, तर त्या तोंडाला पदर लावून हसायलाच लागल्या.

"भाऊजी, यायले कुठं मालूम होतं! शेवटच्या रिळात हे भिंतीकडं तोंड करून तुमच्या पुढच्या फेरीसाठी आधीचं रीळ गुंडाळत. अन् खुन्याचं नावबी घेत नाही ना त्यात. इन्स्पेक्टर मुखवटा ओढते अन् वाजा वाजते, बस!"

"अन् मले एवढी वर्षं..."

"तुमच्यापुढं मान खाली घालतीन का ते? मले इचारत. मी तीनदा पायलेला, पन मीबी वस्ताद. मनलं, तुमालेच तं मालूम हाय!" वहिनींनी तोंडावरचा पदर खाली घेतला. "तुमी भेटून गेले ना, त्या संध्याकाळी मनले, 'सुमन, सांग वं आता. त्याले शब्द देल्ला मी.' सांगतलं. एवढे हसले, एवढे हसले... मनले, सकाळीच बोलाव त्याले."

 

"सांगू का तुमाले?" वहिनींनी विचारलं. मी नको म्हणून मान हलवली. त्यांनी नातीला सांगून मोबाइलवरचा तोच सिनेमा टीव्हीला जोडून घेतला. वसंताची खुर्ची टीव्हीकडे पाठ करून ठेवलेली होती. नोकरी सुटली तरी सिनेमा तो असाच, भिंतीकडे बघत, कानांनी पाहायचा म्हणे. मी तिच्यात बसलो. व्हायोलिन रडलं, बाई ओरडली, इन्स्पेक्टरनं सगळ्यांना गोळा केलं. खुनाआधीचं तेच क्लॅरिनेट पुन्हा सुरू झालं.

"वळा ना गा आता, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी," मी भिंतीकडे बघत म्हणालो, "आवाज जरा वाढवा."