रक्तातली अळी

कपाशी बोंडअळीनं गेली, त्याच साली अकोल्याला माझ्या छातीची गाठ काढली. मग डॉक्टरांनी अमरावतीला पाठवलं. तिथे रक्तातून कॅन्सरच्या पेशी वेगळ्या काढायचा प्रयोग चालू होता. सोबत मोठ्या जाऊबाई आल्या.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक काचपट्टी दाखवली. "ताई, यात केसाहून बारीक वाटा आहेत. रक्त यातून पुढे जातं. कॅन्सरची पेशी मोठी, ती मधेच अडकते." बऱ्याच वेळानं त्यांनी पडद्यावर एक चमकता ठिपका दाखवला. तो माझ्या रक्तातला होता. 

जाऊबाई पुढे सरकल्या. "अळी हाये का वं माय ते?"

"अळी नाही, पेशी आहे. शिवल्यानं कोणाला लागत नाही."

पण जाऊबाईंनी गावात सांगितलं, "हिच्या रक्तात अळी हाये. म्या माह्या डोयानं पायली." एका वावरातली अळी दुसऱ्यात जाते, हे सगळ्यांनी नुकतंच भोगलेलं. शेजारणीनं माझ्या मांडीवरचं लेकरू उचलून नेलं. बायकांनी माझ्या हातचं कुंकू घेणं सोडलं. चारचौघींत बोलायची मला सवय नाही. पण एकही तोंड मी विसरले नाही.

पुढच्या भादव्यात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, आल्या. दरवर्षी त्या जाऊबाईंकडे बसायच्या. स्वयंपाक दोघींचा. यंदा जाऊबाई दारातूनच म्हणाल्या, "तू सैपाकाले हात लावू नको. पानं वाढतानी बाहेर बस. अन् मुखवटे दे, मांडनी करा लागते."

महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे सासूबाईंनी माझ्या हवाली केले होते.

"बाई, मीनंच ते चिंचेनं घासले," मी म्हटलं. "माई अळी त्याइले लागली असंन. तुमच्या घरात कायले नेता?"

"वा वं! लई तोंड फुटलं तुले!"

मुखवटे ठेवलेल्या ट्रंकेवर मी बसून राहिले. त्या बडबडत गेल्या.

महालक्ष्म्या माझ्या एका खोलीत उभ्या राहिल्या. आंबील, पुरण, सगळं मी एकटीनं रांधलं. घरच्या सुनेनं महालक्ष्म्यांचं जेवण चुकवायचं नसतं, म्हणून जाऊबाईंना यावंच लागलं. मागोमाग गल्लीतल्या बायकाही आल्या.

चमचा हाताशी होता. तरी जाऊबाईंच्या पानात मी हातानंच पुरण वाढलं. पोळीवर तूप घालून बोटानं पसरलं. त्या माझ्या बोटांकडे बघत होत्या. घास तोंडात फिरत होता, खाली उतरत नव्हता.

आठवड्याआधीच मी अमरावतीला पुन्हा रक्त देऊन आले होते. या वेळी पट्टीत काही अडकलं नव्हतं. एवढ्यावर निर्धास्त होऊ नका, तपासण्या चालू ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. घरी येऊन मी फक्त मालकांना सांगितलं.

जाऊबाईंना तेव्हाच सांगितलं असतं तर त्या सुखानं जेवल्या असत्या. मी सांगितलं नाही.

"बाई, अजून घ्या," म्हटलं, आणि पुन्हा हातानंच वाढलं.