नव्या भाताचा घास

महाडच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या एका कारखान्यात मी माल तपासते. बॅच शुद्ध आहे की नाही हे बघणं माझं काम. तीच नजर ताटावर कधी वळली, कळलंच नाही. आधी साखर सोडली, मग तेल, मग गहू आणि भात. वर्षभर अंडी-मटणावर काढलं. मग तेही नासकं वाटायला लागलं, तेव्हा मोडाची कच्ची कडधान्यं चघळत दुधालासुद्धा शिव्या घातल्या. पंथ बदलले, माज तोच राहिला. लग्नाच्या पंगतीतही मी माझा डबा उघडायचे. अंग वाळलं, पाळी थांबली, तरी मी चारचौघांना आरोग्य शिकवत होते. आता त्या बाईच्या मुस्काटात द्यावीशी वाटते.

आई भावाकडे असते, गावी, कुडपणला. आमच्या घरची रीत अशी, की नवा भात घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी लागल्याशिवाय आई तो खात नाही. मी दरवर्षी कापणीनंतर जायचे आणि पातेलं बाजूला सारायचे. म्हणायचे, "भात म्हणजे विष आहे गं." रीत मला ठाऊक होती. पण मी नाही खाल्ला तरी ती खातच असेल, असं मी सोयीने धरून चालले होते.

भात सोडल्याच्या तिसऱ्या वर्षी वहिनीने मला मागच्या पडवीत गाठलं.

"वन्सं, तीन वर्सं झाली, आई नवं तोंडाला लावीत नाय. पिकवतो आमी, नि ती रेशनचा तांदूळ निवडत बसते. तुमच्यापायी. तुमाला कायतरी वाटतं का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच आत गेले आणि ताट मागितलं. आईने भात वाढला, वर वालाचं बिरडं. मी पहिला घास तोंडात घातल्यावर ती हसली आणि स्वतःसाठी ताट घ्यायला वळली.

घास मऊ होता, गोड होता. पण गिळवेना. जणू कुणी खरंच विष चारलं होतं. तोंड मिटून मी मागच्या दाराने बाहेर गेले आणि केळीच्या बुंध्यात थुंकले.

वळले तर दारात आई. हातात तिचं वाढलेलं ताट.

"ऱ्हाऊदे गो," ती म्हणाली. "जबरदस्ती नको करूस जिवाला."

मग आत जाऊन तिने आपल्या ताटातला भात परत पातेल्यात ओतला.